वाचकांचे प्रश्न : तारे पाहून पुस्तक घ्यावे का?

इंटरनेटवर पुस्तक विकत घेताना नावाखाली जे पाच तारे दिसतात, त्यांच्यावर कितपत विसंबावे, अशा आशयाची पत्रे गेल्या काही महिन्यांत सातत्याने आली. त्यांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : एका गाजलेल्या इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद मी नुकताच मागवला. गुडरीड्सवर त्याचे मानांकन ४.३ होते आणि मत देणाऱ्यांची संख्या लाखांत होती. प्रत्यक्षात अनुवादाची भाषा इतकी ओबडधोबड निघाली की चाळीस पानांपुढे मला जाववले नाही. एवढ्या लोकांना हे खटकले कसे नाही?
— निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : एवढ्या लोकांनी आपल्या हातातला अनुवाद वाचलेलाच नाही. गुडरीड्स हे वाचकांनी पुस्तकांना तारे आणि अभिप्राय देण्याचे संकेतस्थळ २००७ साली सुरू झाले आणि २०१३ साली ॲमेझॉनने ते विकत घेतले. तेथे एखाद्या साहित्यकृतीच्या सर्व आवृत्त्या, म्हणजे पुठ्ठाबांधणी, कागदी बांधणी, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक आणि जगभरातील भाषांतले अनुवादसुद्धा, एकाच कृतीच्या नोंदीखाली गोळा केले जातात आणि त्या सर्वांना मिळालेल्या ताऱ्यांची मिळून एकच सरासरी दाखवली जाते. मूळ कादंबरी कशी आहे एवढेच जाणून घ्यायचे असेल, तर ही पद्धत सोयीची आहे. अनुवाद कसा उतरला आहे हे विचारणाऱ्या वाचकाला मात्र ती सरळसरळ चकवते, कारण लाखो इंग्रजी वाचकांच्या मतांत दहापाच मराठी वाचकांची मते म्हणजे दर्यामें खसखस. आपण पाहिलेला ४.३ हा आकडा मूळ लेखकाने कमावलेला आहे. अनुवादकाला तो वारसाहक्काने मिळाला.

यावर एक उपाय त्याच संकेतस्थळावर आहे. पुस्तकाच्या पानावरून सर्व आवृत्त्यांच्या यादीत गेल्यास प्रत्येक आवृत्तीची सरासरी आणि मतसंख्या वेगळी दिसते. तेथे मराठी आवृत्ती शोधावी. बहुतेक वेळा तिच्यापुढे दोन-तीन मते असतील किंवा एकही नसेल, आणि मग निदान आपल्याजवळ काहीच माहिती नाही एवढे तरी प्रामाणिकपणे कळेल.

दुसरा उपाय जुनाच आहे : पाने चाळणे. दुकानात ते सहज होते, आणि इंटरनेटवरही मराठी पुस्तके विकणाऱ्या बुकगंगासारख्या ठिकाणी अनेक पुस्तकांची काही पाने वाचायला मिळतात. ती वाचताना प्रस्तावना किंवा पहिल्या प्रकरणाची सुरुवात पाहू नये, कारण तेथे सर्वांनीच हात फिरवलेला असतो. संवादाचे एखादे पान उघडावे. भांडण ऐन भरात आले असताना एखादे पात्र दुसऱ्याला ‘तू माझी मस्करी करत असला पाहिजेस’ असे म्हणत असेल, तर ते पुस्तक मराठीत पोहोचलेले नाही, असे समजून खाली ठेवावे. आपण चाळीस पाने धीर धरलात. मी दहाव्या पानावरच हात टेकले असते.

येथे थोडी तक्रारही नोंदवतो. विक्रीच्या कित्येक पानांवर अनुवादकाचे नाव मूळ लेखकाच्या नावाशेजारी सापडत नाही, आणि अभिप्राय लिहिणारेही कथानक, पात्रे, शेवट यांबद्दल भरभरून बोलतात, पण भाषेबद्दल चकार शब्द काढत नाहीत. आपण अध्यापनात आयुष्य घालवले आहे. या अनुवादाविषयी दोन वाक्यांचा दाखला देऊन चार ओळी तेथे लिहिल्यात, तर मराठी आवृत्ती शोधत येणाऱ्या पुढच्या वाचकाला त्या कोणत्याही सरासरीपेक्षा अधिक उपयोगी पडतील.

प्रश्न : मला घ्यायच्या असलेल्या एका चरित्राला अवघे बारा अभिप्राय आहेत. त्यांपैकी दोघांनी एकच तारा दिला आहे, आणि त्या दोघांतील एकाने लिहिले आहे, ‘पुस्तक उत्तम, पण कोपरा दुमडलेला आला.’ अशा मताचे काय करावे?
— बँक कर्मचारी, नागपूर

उत्तर : आपण आकडेमोडीतले आहात, म्हणून हिशेबच मांडतो. उरलेल्या दहा जणांनी पाच-पाच तारे दिले आहेत असे धरले, तर साधी सरासरी ४.३३ येते. दुमडलेल्या कोपऱ्याचा तारा वगळला की ती ४.६४ होते. म्हणजे टपालात दबलेल्या एका कोपऱ्याने चरित्रकाराचे जवळजवळ तृतीयांश तारा नुकसान केले. पाच तारे देणारे हजार जण असते आणि एक तारा देणारे हेच दोघे असते, तर सरासरी ४.९९ राहिली असती आणि कोणाच्या ते ध्यानातही आले नसते. मराठी पुस्तकांना मिळणारी मते मुळातच मूठभर असतात, त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक विक्षिप्त मताचे वजन वाढते. वेष्टन, टपाल आणि विक्रेता यांविषयीची तक्रार नोंदवायला बहुतेक संकेतस्थळांवर स्वतंत्र जागा असते, पण रागावलेला ग्राहक समोर दिसेल त्या चौकटीत लिहितो. अशी मते मनातल्या मनात खोडून उरलेली वाचावीत.

एक तारा देण्यासाठी पुस्तक हातात यावे लागते असेही नाही. २०२३ साली एका प्रसिद्ध अमेरिकी लेखिकेने आपल्या आगामी कादंबरीची घोषणा केली. कादंबरी रशियात घडत होती आणि युक्रेनमधील युद्ध चालू होते. पुस्तक छापलेही गेले नव्हते, तरी गुडरीड्सवर निषेध म्हणून शेकडो एक-तारा मते पडली आणि लेखिकेने प्रकाशन स्वतःहून लांबणीवर टाकले. निषेध करण्याचा अधिकार मी नाकारत नाही. त्या ताऱ्यांना पुस्तकाविषयीचे मत मात्र म्हणता येणार नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील वाचनमंडळात चारपेक्षा कमी तारे असलेले पुस्तक सुचवले की सगळे नाक मुरडतात. मानांकनाचा वाचकांच्या निवडीवर खरोखर इतका परिणाम होतो, याला काही पुरावा आहे का, की हा आमच्या पिढीवर होणारा नेहमीचा आरोप आहे?
— विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पुरावा आहे, आणि तो आपल्या पिढीच्या हाती मोबाइल येण्यापूर्वीचा आहे. ज्युडिथ शेव्हेलिए आणि दिना मेझलिन या दोन अमेरिकी संशोधकांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. चांगल्या अभिप्रायांमुळे पुस्तक खपते, की पुस्तक मुळातच चांगले असल्यामुळे खपते आणि अभिप्रायही चांगले मिळवते, ही खरी अडचण होती. ती त्यांनी मोठ्या युक्तीने सोडवली. एकच पुस्तक ॲमेझॉन आणि बार्न्स अँड नोबल अशा दोन संकेतस्थळांवर विकले जात होते. पुस्तकाचा दर्जा, लेखकाचे नाव, वृत्तपत्रांतील चर्चा हे सर्व दोन्हीकडे सारखेच होते. फरक होता तो तेथे जमलेल्या अभिप्रायांत. एका ठिकाणचे अभिप्राय सुधारले की दुसऱ्या ठिकाणच्या तुलनेत तेथील खप वाढतो, असे त्यांना आढळले. म्हणजे अभिप्राय आपले काम करत होते.

त्याच अभ्यासातील आणखी दोन निष्कर्ष मला अधिक मोलाचे वाटतात. पाच ताऱ्यांच्या मताने खप जितका वर जातो, त्याहून एक ताऱ्याच्या मताने तो अधिक खाली येतो. बहुसंख्य अभिप्राय स्तुतीचेच असल्यामुळे हे समजण्यासारखे आहे. पंगतीत सगळीच पाने गोड असली की कारल्याची फोड लक्षात राहते. दुसरा निष्कर्ष असा, की ग्राहक केवळ सरासरीवर न थांबता अभिप्रायाचा मजकूरही वाचत होते. आपल्या मंडळाने ही दुसरी सवय सोडली आहे, असे पत्रावरून दिसते.

वाईट मत पुस्तकाला नेहमी मारतेच असेही नाही. जोना बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली न्यूयॉर्क टाइम्समधील परीक्षणांचा खपाशी ताळा घातला, तेव्हा प्रतिकूल परीक्षणामुळे प्रस्थापित लेखकांचा खप सुमारे १५ टक्क्यांनी घटलेला आणि अपरिचित लेखकांचा खप सुमारे ४५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. नाव कोणालाच ठाऊक नसलेल्या लेखकाला टीकेने निदान ओळख मिळते, आणि काही काळाने टीका विसरली जाऊन नाव तेवढे डोक्यात राहते. मराठीत ज्यांचे पहिले पुस्तक ‘साभार पोच’च्या, म्हणजे नियतकालिकाकडे आलेल्या पुस्तकांच्या नुसत्या नावांच्या, यादीतील एका ओळीत जन्मले आणि त्याच ओळीत विसावले, त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता ताऱ्यांच्या खरेपणाकडे येऊ. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एका प्रयोगाची हकीकत आली. बातम्यांच्या एका संकेतस्थळावरील प्रतिक्रियांपैकी काही प्रतिक्रियांना संशोधकांनी, मजकूर न पाहता, अगदी सुरुवातीलाच एक अनुकूल मत देऊन ठेवले. त्या प्रतिक्रियांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी अधिक झाले. हा प्रयोग पुस्तकांवर केलेला नव्हता, पण माणसे तीच आहेत. पहिल्या दोन-चार मतांनी पायंडा पाडला की मागून येणारे त्याच पाऊलवाटेने चालतात. नव्या मराठी पुस्तकाची ही पहिली दोन-चार मते बहुधा प्रकाशन समारंभाला पुढच्या रांगेत बसलेल्यांची असतात.

पुरस्कारांची गोष्ट त्याहून गमतीची आहे. बालाझ कोवाच आणि अमांडा शार्की यांनी २०१४ साली गुडरीड्सवरील हजारो मते तपासली. पुरस्कार मिळालेली पुस्तके आणि अंतिम यादीपर्यंत येऊन हुकलेली पुस्तके यांची त्यांनी तुलना केली, तेव्हा पुरस्कारानंतर विजेत्या पुस्तकांचेच मानांकन अधिक घसरलेले आढळले. पुस्तक तेच होते, वाचक बदलले होते. ज्यांची ती रुची नव्हती असे अनेक जण पुरस्काराचे नाव ऐकून आले आणि निराश होऊन परतले. तेव्हा ३.७ हा आकडा पाहून नाक मुरडण्यापूर्वी, हा आकडा कोणत्या वाचकांनी घडवला आहे, हे विचारायला हवे.

गुडरीड्सपुरती आणखी एक गोष्ट आपल्या मंडळाला सांगावी. तेथे ताऱ्यांवर बोट ठेवले असता जे शब्द दिसतात, त्यांनुसार दोन ताऱ्यांचा अर्थ ‘ठीक’, तीन ताऱ्यांचा ‘आवडले’ आणि चार ताऱ्यांचा ‘खूप आवडले’ असा आहे. म्हणजे तीन तारे देणाऱ्याला पुस्तक आवडलेले असते! आपल्या गुणपत्रिकेवर शंभरातले साठ म्हणजे प्रथम श्रेणी, आणि पुस्तकाला पाचातले तीन म्हणजे नापास. हा हिशेब कोणी ठरवला, हे मला आजवर उमगलेले नाही. माझा स्वतःचा प्रघात असा आहे की मी प्रथम तीन ताऱ्यांचे अभिप्राय उघडतो. पाच तारे देणारा भारावलेला असतो आणि एक तारा देणारा चिडलेला असतो. तीन तारे देणाऱ्याला मात्र काय जमले आणि कोठे फसले, हे दोन्ही सांगावेसे वाटते. ‘शेवटची शंभर पाने रेंगाळतात, गावाचे तपशील फार आहेत,’ असे त्याने लिहिले असेल आणि मला गावाचे तपशीलच हवे असतील, तर त्याची तक्रार ही माझ्यासाठी शिफारस ठरते.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केले, तेव्हा त्यांची लेखणी किती तिखट आहे आणि तिचा रोख कोणाकडे वळतो, हे वाचकाला ठाऊक होते, त्यामुळे त्यांच्या मतातून काय वजा करायचे आणि काय ठेवायचे, हेही त्याला ठरवता येत असे. सरासरीतून असे काहीच वजा करता येत नाही. आपली आणि ज्याची रुची जुळते असा एखादा अभिप्रायकार सापडला, तर त्याने पूर्वी आणखी कशाकशाविषयी लिहिले आहे, ते पाहावे. त्यात वेळ जातो, पण तो वाया जात नाही.

प्रश्न : माझा पहिला कथासंग्रह पदरमोड करून प्रसिद्ध झाला आहे. ‘नातेवाईक आणि मित्रांकडून पन्नास पंचतारांकित अभिप्राय मिळवा, नाहीतर पुस्तक कोणाच्या नजरेस पडणार नाही,’ असा सल्ला मला मिळाला, आणि अमुक रकमेत अभिप्राय लिहून देतो, असा एकाचा निरोपही आला. मनाला पटत नाही, पण सगळेच असे करत असतील तर मी का मागे राहावे?
— नवलेखक, रत्नागिरी

उत्तर : सगळेच करत नाहीत, करणारे मात्र फार पूर्वीपासून आहेत. २००४ साली ॲमेझॉनच्या कॅनडातील संकेतस्थळावर तांत्रिक चुकीमुळे काही दिवस निनावी अभिप्रायकारांची खरी नावे दिसू लागली, तेव्हा काही लेखकांनी स्वतःच्याच पुस्तकांना पाच तारे बहाल केल्याचे उघड झाले. २०१० साली एका नामवंत ब्रिटिश इतिहासकाराला, टोपणनावाने प्रतिस्पर्ध्यांच्या पुस्तकांची निंदा आणि स्वतःच्या पुस्तकाची स्तुती केल्याबद्दल, माफी मागून नुकसानभरपाई द्यावी लागली. त्याच सुमारास अमेरिकेत एका गृहस्थाने अभिप्रायांचे दुकानच थाटले होते. एक अभिप्राय ९९ डॉलर, वीस अभिप्राय ४९९ आणि पन्नास ९९९, असे त्याचे दरपत्रक होते, आणि एका खपाऊ लेखकाने त्याच्याकडून तीनशे अभिप्राय विकत घेतले होते. २०१२ साली हा प्रकार वृत्तपत्रात आला. आपल्याला निरोप पाठवणारा हा त्याच धंद्याचा स्थानिक वारसदार आहे.

कायद्याच्या बाजूने पाहता, ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने स्वतःला ग्राहक भासवून अभिप्राय नोंदवण्यास मनाई आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणले. ते ऐच्छिक आहे, पण विकत घेतलेले अभिप्राय त्यात बसत नाहीत. ॲमेझॉनच्या स्वतःच्या नियमांनुसार लेखकाचे नातेवाईक आणि निकटचे मित्र यांनी अभिप्राय लिहिणे चालत नाही, आणि असे अभिप्राय काढून टाकले जाऊ शकतात. म्हणजे पन्नास जणांचे उपकार डोक्यावर घेऊन त्यांतले चाळीस उद्या नाहीसे व्हायचे. शिवाय ॲमेझॉनवर दिसणारे तारे ही साधी सरासरी नसते; अभिप्राय किती ताजा आहे, खरेदीची खातरजमा झालेली आहे की नाही, अशा गोष्टी धरून तो आकडा काढला जातो.

जे करता येते ते असे. परीक्षणासाठी पुस्तकाची प्रत विनामूल्य देण्याची जुनी रीत आजही मान्य आहे. ॲमेझॉनने २०१६ साली मोफत वस्तूच्या बदल्यात लिहिलेल्या अभिप्रायांवर बंदी घातली, तेव्हाही पुस्तकांच्या अशा प्रती त्यातून वगळल्या होत्या. प्रत द्यावी, पण अभिप्राय द्याच किंवा अनुकूलच द्या, अशी अट घालू नये. आपल्याला न ओळखणारे, पण कथा वाचणारे दहा-पंधरा जण निवडावेत : आपल्या भागातील महाविद्यालयांत मराठी शिकवणारे प्राध्यापक, पुस्तकांविषयी नियमाने लिहिणारे कोणी, गावोगावची वाचनमंडळे. त्यांच्यापैकी चौघांनी लिहिले आणि त्यात एकाने एखादी कथा फसल्याचे लिहिले, तर ते काढून टाकण्याची विनंती करू नये. नुसत्या गोडव्याने भरलेल्या पानावर संशय घ्यायला वाचक आता शिकला आहे, आणि ती एक तक्रार इतर तिघांच्या कौतुकाला जामीन राहील. मलपृष्ठावरील पाठराखण मात्र आप्तांकडून घ्यायला हरकत नाही. ती कोणी लिहिली, हे तेथे नावानिशी छापलेले असते.

प्रश्न : आमचे ‘ड’ वर्गाचे सार्वजनिक ग्रंथालय आहे. अनुदानातून पुस्तक-खरेदीला तुटपुंजी रक्कम उरते. कार्यकारिणीतील तरुण सदस्य म्हणतात, इंटरनेटवरचे मानांकन पाहून यादी करा. ज्येष्ठ म्हणतात, ते सगळे शहरी लोकांचे खेळ आहेत. आपले मत काय?
— ग्रंथपाल, सोलापूर जिल्हा

उत्तर : ज्येष्ठांचे म्हणणे मला अर्धे पटते. इंटरनेटवर तारे देतो तो प्रामुख्याने पुस्तक विकत घेणारा वाचक. आपल्याकडे वर्गणी भरून आठवड्याला दोन पुस्तके नेणाऱ्या सभासदाने आयुष्यात हजार पुस्तके वाचलेली असली, तरी त्याचा एकही तारा कोठे नोंदलेला नसतो. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने उभे राहिलेले ग्रंथालयांचे जाळे हजारोंच्या संख्येत आहे आणि त्यातील बहुतेक वाचकांचे मत या सरासऱ्यांच्या बाहेर राहिले आहे. म्हणून मराठी ललित पुस्तकांच्या खरेदीत मानांकनाला फारसे महत्त्व देऊ नये. स्पर्धा परीक्षा, शेती, आरोग्य, संगणक अशा विषयांत मात्र तरुण सदस्यांचे ऐकावे. आवृत्ती जुनी आहे, उत्तरे चुकीची छापली आहेत, आकृत्या वाचता येत नाहीत, हे तेथील अभिप्रायांत नेमके सापडते आणि त्यावर रुचीचा फारसा प्रभाव नसतो.

आपल्याजवळ याहून विश्वासार्ह मानांकन आधीपासून आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी डकवलेल्या पट्टीवर परतीच्या तारखांचे शिक्के असतात. पुस्तक किती वेळा गेले हे त्यावरून कळते, आणि ते दोन दिवसांत परत आले की तीनदा मुदत वाढवून घेतली गेली, हे देवघेवीच्या नोंदींवरून कळते. दोन दिवसांत परत आलेले पुस्तक एक तर झपाटून वाचले गेले किंवा उघडलेच गेले नाही. यांतील खरे काय, ते देवघेवीच्या टेबलाशी विचारले तरच समजेल. पुढील खरेदीपूर्वी गेल्या दोन वर्षांत दाखल झालेल्या पुस्तकांच्या पट्ट्या एका दुपारी तपासाव्यात आणि सर्वांत जास्त शिक्क्यांची वीस व एकही शिक्का नसलेली वीस, अशा दोन याद्या कार्यकारिणीपुढे ठेवाव्यात. त्याच टेबलावर एक शंभरपानी वही दोरीने बांधून ठेवावी, आणि पुस्तक परत करताना ज्याला वाटेल त्याने त्यात दोन ओळी लिहाव्यात. पेनही दोरीलाच बांधावे, नाहीतर ते पहिल्याच आठवड्यात जाईल.